बेड अँड आयसा

बेड अँड आयसा ही युनायटेड किंग्डममधील समभाग गुंतवणुकीची एक पद्धती आहे. या पद्धतीत गुंतवणूकदार आपल्या साध्या खात्यातील समभाग विकतो आणि आलेल्या रकमेतून तेच समभाग आयसा या करमुक्त खात्यात पुन्हा विकत घेतो. गुंतवणूक तीच राहते. बदलते ती केवळ तिच्यावरील करआकारणी. आयसा खात्यातील लाभांशावर आणि भांडवली नफ्यावर ब्रिटिश कर लागत नाही.

नाव आणि पार्श्वभूमी

आयसा हे ‘इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट’ या नावाचे लघुरूप होय. ही योजना ६ एप्रिल १९९९ रोजी सुरू झाली आणि तिने पेप (१९८७) व टेसा (१९९१) या जुन्या बचत योजनांची जागा घेतली. आरंभी वार्षिक भरणा मर्यादा ७,००० पौंड होती. एप्रिल २०१७ पासून ती २०,००० पौंड आहे.

नावातील ‘बेड’ हा शब्द ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ या जुन्या प्रथेतून आला. करवर्ष संपण्यापूर्वी समभाग विकून दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत घेतले जात व त्या वर्षाची करमुक्त नफ्याची सवलत वापरून घेतली जाई. मार्च १९९८ मध्ये या प्रथेला आळा घालण्यात आला. तेव्हापासून विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत तेच समभाग साध्या खात्यात परत घेतल्यास ती विक्री नव्या खरेदीशी जोडली जाते. आयसा खात्यातील खरेदीला मात्र हा नियम लागू होत नाही. त्यामुळे त्याच दिवशी पुनर्खरेदी करता येते आणि विक्रीत तोटा झाला असल्यास तो अन्य नफ्यातून वजाही करता येतो.

कार्यपद्धती

आयसा खात्यात भरणा रोख रकमेनेच करावा लागतो. हाती असलेले समभाग थेट जमा करता येत नाहीत. म्हणूनच विक्री आणि पुनर्खरेदी हे दोन्ही टप्पे अनिवार्य ठरतात. याला एक अपवाद आहे. कर्मचाऱ्यांसाठीच्या काही मान्यताप्राप्त समभाग योजनांतून मिळालेले समभाग ९० दिवसांच्या आत विक्री न करता आयसा खात्यात हलवता येतात. त्यांचे बाजारमूल्य वार्षिक मर्यादेत धरले जाते.

साध्या खात्यातील विक्री ही करकायद्याच्या दृष्टीने खरी विक्री असते. २०२५–२६ या करवर्षात ३,००० पौंडांपर्यंतचा निव्वळ भांडवली नफा करमुक्त असून त्यावरील नफ्यावर उत्पन्नगटानुसार १८ किंवा २४ टक्के कर लागतो. पुनर्खरेदीवर सर्वसाधारणपणे ०.५ टक्के मुद्रांक शुल्क द्यावे लागते. त्याशिवाय दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील फरक हे खर्च असतातच. त्यामुळे पूर्वीपेक्षा किंचित कमी समभाग हाती येतात.

ब्रिटिश करवर्ष ५ एप्रिलला संपते. न वापरलेली आयसा मर्यादा आणि नफ्याची करमुक्त मर्यादा पुढील वर्षात नेता येत नाही.

लाभांश परतावा

एका समभागावर वर्षभरात मिळणारा लाभांश भागिले समभागाचा चालू बाजारभाव, गुणिले १०० या सूत्राने लाभांश परतावा काढतात. यालाच डिव्हिडंड यील्ड असेही म्हणतात. समभागाचा भाव ६ पौंड आणि वार्षिक लाभांश ३० पेन्स असेल, तर परतावा ५ टक्के होतो.

हाच समभाग पूर्वी ४ पौंडांना घेतलेला असल्यास मूळ खरेदीवरील परतावा ७.५ टक्के दिसतो. आयसा खात्यात तो ६ पौंडांना पुन्हा घेतल्यावर नव्या नोंदीत ५ टक्के परतावा दिसू लागतो. यावरून उत्पन्न घटल्याचा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात प्रत्येक समभागावर मिळणारे ३० पेन्स तेवढेच राहतात; बदललेला असतो तो केवळ भागाकारातील छेद.

भाव घसरला की परतावा आपोआप वाढतो. म्हणून असामान्यपणे उंच परतावा हे कित्येकदा पुढील लाभांश कपातीचे लक्षण असते. व्होडाफोन कंपनीने मे २०१९ मध्ये आपला वार्षिक लाभांश १५.०७ युरो सेंटवरून ९ युरो सेंटवर आणला. शेल कंपनीने एप्रिल २०२० मध्ये तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंट केला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती तिची पहिलीच कपात होती. लाभांशाच्या किती पट नफा कंपनीला झाला आहे, हे पाहिल्यास लाभांश टिकण्याच्या शक्यतेचा अधिक चांगला अंदाज येतो.

उदाहरण

एका व्यक्तीकडे ४ पौंड दराने घेतलेले ४,००० समभाग असून त्यांचा भाव ६ पौंड व वार्षिक लाभांश ३० पेन्स आहे, असे मानू. एकूण लाभांश १,२०० पौंड होतो. २०२५–२६ मध्ये त्यातील पहिले ५०० पौंड करमुक्त आहेत, उरलेल्या ७०० पौंडांवर मूळ दराच्या (८.७५ टक्के) करदात्याला ६१.२५ पौंड, तर उच्च दराच्या (३३.७५ टक्के) करदात्याला २३६.२५ पौंड कर पडतो.

प्रत्येक समभागामागे २ पौंड नफा असल्याने एका वर्षात १,५०० समभाग करमुक्तपणे विकता येतात. त्यांचे मूल्य ९,००० पौंड होते. म्हणजे येथे २०,००० पौंडांची आयसा मर्यादा आड येत नाही; ३,००० पौंडांची नफ्याची मर्यादा आड येते. मर्यादा आणि भाव तेच राहिल्यास सर्व समभाग हलवण्यास तीन करवर्षे लागतात. पहिल्या टप्प्यात मुद्रांक शुल्क ४५ पौंड होते, तर लाभांश करातील वार्षिक बचत मूळ दराने सुमारे ३९ पौंड आणि उच्च दराने सुमारे १५२ पौंड होते. ज्याचा एकूण लाभांश मुळातच ५०० पौंडांच्या आत आहे, त्याची लाभांश करात तत्काळ काहीच बचत होत नाही.

मर्यादा

आयसा खात्यात झालेला तोटा बाहेरील नफ्यातून वजा करता येत नाही. परदेशी कंपन्यांच्या लाभांशावर त्या देशात होणारी करकपातही टळत नाही. अमेरिकी समभागांवर आवश्यक अर्ज भरल्यानंतरही सामान्यतः १५ टक्के कपात होते. एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे आयसा नेताना विहित हस्तांतर अर्ज वापरावा लागतो. रक्कम स्वतः काढून घेतल्यास तिचे करमुक्त स्वरूप संपते.

भारतात परतणाऱ्या व्यक्ती

आयसा खात्यात भरणा करण्यासाठी ब्रिटनमधील करनिवासी असणे सामान्यतः आवश्यक असते. देश सोडल्यावर खाते चालू ठेवता येते, परंतु नवा भरणा करता येत नाही. भारतात परतून ‘निवासी आणि सामान्यतः निवासी’ हा दर्जा प्राप्त झालेल्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतीय प्राप्तिकरास पात्र ठरते. आयसाची करमुक्तता ब्रिटिश कायद्यापुरती असल्याने त्या खात्यातील लाभांश आणि नफा भारतात करपात्र होतो, तसेच परदेशी मालमत्ता म्हणून खात्याची नोंद विवरणपत्रात करावी लागते.

हे सुद्धा पहा

लाभांश
भांडवली नफा कर
मुद्रांक शुल्क
लंडन स्टॉक एक्सचेंज