रेकॉर्डच्या कव्हरवरचा स्पंदक

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. तेथून काही कोसांवर, शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. या दुर्बिणीच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय म्हणजे स्पंदक, म्हणजेच पल्सार. ठरावीक काळाने रेडिओ लहरींचे ठोके देणारे हे तारे आहेत. त्यांपैकी सर्वांत आधी सापडलेल्या स्पंदकाचा एक आलेख जगभरच्या संगीतप्रेमींच्या मनावर कायमचा ठसला आहे. तो पोहोचला मात्र पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर एका रेकॉर्डच्या कव्हरवरून. तो तेथे कसा गेला आणि वाटेत त्याचे काय काय गळून पडले, याचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

रेकॉर्डला कव्हर मिळाले

ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात रेकॉर्डवर चित्र असे, ते फक्त मधल्या लेबलवर. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड कागदाच्या साध्या पाकिटात मिळे. लेबल वाचता यावे म्हणून पाकिटाला मधोमध गोल भोक ठेवलेले असे. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असल्यामुळे मोठी रचना अनेक रेकॉर्डींवर विभागावी लागे. मग ती पाकिटे एकत्र बांधून फोटोंच्या अल्बमसारखी वही केली जाई. संगीताच्या बाबतीत ‘अल्बम’ हा शब्द रूढ झाला तो त्यामुळे. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली. १९४८ मध्ये त्याच कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली आणि चित्रकारांना बारा इंचांचा चौरस कायमचा मिळाला.

आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एल.पी.वर पुढे कलावंताचे छायाचित्र आणि मागे राग, ताल व साथीदार यांची माहिती, अशी मांडणी सर्रास दिसे. कव्हर हे असे ऐकणाऱ्याला हाताशी धरून नेणारे साधन झाले. कंपन्याही त्याबाबत फार दक्ष असत. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या कव्हरसाठी अनेक प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र मांडल्या होत्या. त्यांत महात्मा गांधीही होते. भारतातील लोक दुखावतील या भीतीने ई.एम.आय. कंपनीने ती प्रतिमा काढायला लावली.

त्याच वर्षी, त्याच इंग्लंडात केंब्रिजजवळच्या एका शेतात आपल्या आलेखाचा जन्म होत होता.

कागदावरची खुरखुर

जोसलिन बेल ही तेथे अँटनी ह्युइश यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी. शेतात खांब रोवून व तारा ताणून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या बांधणीतही तिने हात लावला होता. दुर्बीण रोज सुमारे ३० मीटर लांबीच्या कागदी पट्टीवर रेघ उमटवी आणि ती डोळ्यांनी तपासण्याचे काम बेलकडे असे. ऑगस्ट १९६७ मधील नोंदीत तिला एक बारीकशी खुरखुर दिसली. ती दूरच्या रेडिओ दीर्घिकेसारखी नव्हती आणि पृथ्वीवरच्या यंत्रांच्या अडथळ्यासारखीही नव्हती. शिवाय ती ताऱ्यांप्रमाणे रोज सुमारे चार मिनिटे आधी येत होती. २८ नोव्हेंबर रोजी पट्टीचा वेग वाढवून नोंद घेतल्यावर त्या खुरखुरीचे सुटे ठोके दिसले. दोन ठोक्यांमधील अंतर सुमारे १.३३७ सेकंद होते. हे परग्रहावरच्या कोणाचे संदेश तर नाहीत ना, अशीही शंका क्षणभर आली. परंतु डिसेंबरात आकाशाच्या वेगळ्याच भागात दुसरा तसाच स्रोत सापडला आणि ती शंका मिटली. फेब्रुवारी १९६८ मध्ये हा शोध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या ताऱ्याचे नाव सीपी १९१९ असे ठेवले गेले.

हा न्यूट्रॉन तारा आहे. त्याचे वस्तुमान सूर्यापेक्षा अधिक, पण व्यास सुमारे २० किलोमीटर. मंचरहून निघून नारायणगावच्या थोडे पुढे जावे, तेवढाच. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत फिरतो आणि दर फेरीला एकदा पृथ्वीवरून जातो. एका फेरीला १.३३७ सेकंद, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४५ फेरे. गाण्याच्या छोट्या रेकॉर्डी ज्या ४५ च्या वेगाने वाजवत, जवळपास त्याच वेगाने हा तारा फिरतो!

ऐंशी रेघा

कव्हरवरील आलेख मात्र बेल यांनी काढलेला नाही. तो हॅरल्ड क्राफ्ट यांचा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने पोर्तो रिकोमधील आरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून बारा स्पंदकांचे निरीक्षण केले आणि १९७० मध्ये प्रबंध सादर केला. एकापाठोपाठच्या ठोक्यांच्या आकारात काही नियमितपणा आहे का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी सीपी १९१९ चे ८० ठोके एकाखाली एक मांडले. पुढच्या रेघेच्या उंचवट्यामागे दडणारा मागच्या रेघेचा भाग संगणकाने गाळला आणि आरेखनाचे काम करणाऱ्या एका महिलेने त्या रेघा शाईने गिरवल्या. त्यामुळे आलेखाला एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगांचे रूप आले.

हे डोंगर वाचायचे कसे? प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एका ठोक्याच्या आसपासचा अगदी थोडा वेळ. रेघेची उंची म्हणजे त्या क्षणी मिळालेल्या रेडिओ लहरींची तीव्रता. एका रेघेवरून तिच्या शेजारच्या रेघेवर गेलो की १.३३७ सेकंद उलटतात. ८० रेघा म्हणजे सुमारे १०७ सेकंद, पावणेदोन मिनिटे. दोन्ही बाजूंची बारीक थरथर हा मुख्यतः यंत्रणेतील गोंगाट आहे. मधला उंचवटा ताऱ्याचा.

आता दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. कोणत्याही दोन रेघांचे उंचवटे सारखे नाहीत. कोठे एक शिखर, कोठे दोन, कोठे नुसता फुगवटा. तरीही सर्व उंचवटे एकाच उभ्या पट्ट्यात राहतात. ते डावी-उजवीकडे घसरत जात नाहीत. म्हणजे ठोक्याचा आकार लहरी आहे, पण त्याची वेळ पक्की आहे. घड्याळाचा प्रत्येक ठोका वेगळ्या आवाजात पडावा, परंतु वेळ चुकू नये, असा हा प्रकार. स्पंदकांचे हे मूलभूत वैशिष्ट्य त्या एका चित्रात आहे.

गळून पडलेले अक्ष

जानेवारी १९७१ मध्ये हे चित्र ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात आले आणि १९७७ मध्ये केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात. तेथे ते मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या गटाच्या नजरेस पडले. चित्रकार पीटर सॅव्हिल यांनी त्याची उलटापालट केली. पांढऱ्यावरच्या काळ्या रेघांऐवजी काळ्यावर पांढऱ्या रेघा घेतल्या. जून १९७९ मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ ही रेकॉर्ड निघाली, तेव्हा कव्हरच्या दर्शनी बाजूवर गटाचे नाव नव्हते आणि रेकॉर्डचेही नव्हते. होता तो केवळ आलेख.

याआधी १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडच्या एका कव्हरवरील लोलक आणि वर्णपटही गाजला होता. परंतु ते कल्पनेने काढलेले चित्र होते. त्यात सातऐवजी सहाच रंग आहेत. ‘अननोन प्लेझर्स’वरील प्रत्येक वळसा मात्र मोजलेला आहे. पुढे तो टी-शर्टांवर, पोस्टरांवर, भिंतींवर गेला. पाहणाऱ्यांना त्यात डोंगर दिसले, समुद्राच्या लाटा दिसल्या, आवाजाचा आलेख दिसला. आलेखाचे अक्ष काढून टाकले की त्याचे चित्र होते आणि चित्राचा अर्थ ज्याला जसा वाटेल तसा लावता येतो.

अक्षांबरोबर माणसेही गळाली. आपला आलेख कव्हरवर असल्याचे क्राफ्ट यांना नंतर एका सहकाऱ्याकडून कळले. मग त्यांनी दुकानात जाऊन ती रेकॉर्ड विकत घेतली. चित्राचा माग काढत ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या एका संपादिकेने मूळ प्रबंधापर्यंत पोहोचल्याची हकीकत प्रसिद्ध केली, ती २०१५ मध्ये. शाईने रेघा गिरवणारी महिला तर ‘एक महिला’ एवढीच उरली. बेल यांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. १९७४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. ह्युइश यांच्या गौरवाचे कारण स्पंदकांचा शोध हेच होते. त्यात बेल यांचे नाव नव्हते. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. ती सर्व रक्कम त्यांनी, भौतिकीत ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा गटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली.

वर्गात करून पाहा

एक लांब कागदी पट्टी घ्या. तिच्यावर दर ७ सेंटिमीटरवर एक खूण करा. पट्टी ७ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून तुकडे क्रमाने एकाखाली एक लावा. खुणा उभ्या ओळीत येतील. दुसरी तशीच पट्टी ७.५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा. आता खुणांची ओळ डावीकडे कलेल. कलण्यावरून आपण धरलेला काळ किती चुकला ते काढता येते. स्पंदकाचा आवर्तकाळ नेमका करण्याचे तत्त्व हेच आहे. नंतर कव्हरचे चित्र दाखवावे आणि विद्यार्थ्यांना त्याला अक्ष काढायला सांगावेत.

आरेसिबोची दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. स्पंदकांचे ठोके मोजण्याचे काम खोडदला चालू आहे. गुरुत्वीय लहरींच्या अतिमंद कंपनांचे पुरावे २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यांत जीएमआरटीने केलेल्या या मोजणीचा वाटा होता. आणि सीपी १९१९ आपल्यापासून आडबाजूलाही नाही. त्याची क्रांती सुमारे २२ अंश उत्तर आहे आणि महाळुंगे पडवळचा अक्षांश सुमारे १९ अंश. त्यामुळे तो रोज गावाच्या माथ्यावरूनच जातो, खमध्यापासून जेमतेम तीन अंशांवरून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही वेळ रात्री साडेआठच्या सुमारास येते. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच दिसणार नाही. श्रवण ताऱ्याच्या थोडे उत्तरेला बोट दाखवून, कव्हरवरच्या त्या रेघा तेथून आल्या, एवढे विद्यार्थ्यांना सांगता येईल.