सही कुणाची?

मी बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधून बोलतेय. इथे सेंट मेरीज बॅसिलिका आहे, रसेल मार्केट आहे, बोरिंग रुग्णालय आहे. महाराष्ट्रातले पाहुणे नाव ऐकूनच खूश होतात. पूर्वी या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात!

आजचा विषय मात्र हसण्याचा नाही. ओळखीतल्या एका बेळगावच्या मुलीचा गेल्या महिन्यात फोन आला. गर्भनिरोधक फसलं होतं, नववा आठवडा होता आणि नवरा परदेशात बोटीवर. डॉक्टर तयार होते, पण काउंटरवर सांगितलं, "नवऱ्याची सही आणा." तिनं विचारलं, "ताई, कायद्यात असं आहे का हो?"

नाही. १९७१ पासून नाही. सज्ञान बाईच्या बाबतीत फक्त तिची स्वतःची संमती पुरते. मग ही सही आली कुठून?

त्यासाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेपर्यंत मागं जावं लागतं. कलम ३१२ नुसार गर्भपात करणारा गुन्हेगार आणि स्वतः करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. सूट एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तर. ज्याच्यामुळे दिवस गेले त्या पुरुषाचा कलमात उल्लेखही नाही. पुनर्विवाह न होणाऱ्या बालविधवांच्या काळात याचा अर्थ काय होता, ते पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पाहिलं आणि १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर खटला झाला. तो अर्भकहत्येचा होता, पण कोंडी तीच: गर्भ पाडला तर तुरुंग, मूल वाढवलं तर वाळीत. त्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना शहाणपण शिकवायला घेतलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं.

पुढची ऐंशी वर्षं हे कलम जागचं हललं नाही. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत राहिल्या. १९६४ मध्ये केंद्रानं समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह. १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू. अमेरिकेतला रो खटल्याचा निकाल जानेवारी १९७३ चा, म्हणजे आपण नऊ महिने आधी. तिकडे त्यावर पन्नास वर्षं रणकंदन झालं आणि २०२२ मध्ये तो निकाल उलटलाही. आपल्याकडे एवढा गाजावाजा का झाला नाही? कारण आपण 'हक्क' हा शब्दच वापरला नाही. बोलणं झालं ते मातामृत्यूंबद्दल आणि वाढत्या लोकसंख्येबद्दल.

त्याची किंमत मोजावी लागली. कायद्याचं मुख्य वाक्य वाचा: अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर गुन्ह्यास पात्र होणार नाही. म्हणजे ३१२ तसंच राहिलं, डॉक्टरला फक्त त्यातून वाट काढून दिली. (आज नव्या संहितेत त्याचाच क्रमांक ८८ आहे.) बाईनं मागायचं, ठरवायचं डॉक्टरनं. ज्याच्या डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार आहे, तो जास्तीची एक सही मागणारच.

भीतीला दुसरंही कारण आहे, आणि ते खोटं नाही. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकोणीस स्त्रीभ्रूण सापडले. २०२३ मध्ये इथे बेंगळुरू-मंड्यात लिंगनिदानाची टोळी पकडली. पण गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. दोन्हींची सरमिसळ केली की नवव्या आठवड्यातली बाईसुद्धा संशयित ठरते. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत लिंग कळतसुद्धा नाही!

२०२१ च्या दुरुस्तीनं 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' याऐवजी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं. चंद्रचूड, कर्नाटकचे बोपण्णा आणि पारडीवाला यांचं पीठ. कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, हेही त्याच निकालात आहे.

ते मी त्या मुलीला पाठवलं. तिनं काउंटरवर दाखवलं. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे," असं उत्तर मिळालं. शेवटी ती दुसऱ्या दवाखान्यात गेली, आठ दिवस उशिरा. तिथे तिच्या एकटीच्या सहीवर काम झालं. पहिल्या ठिकाणी मी परवा फोन करून पाहिला. अजूनही नवऱ्याची सही मागतात.