छातीतलं पाणी कोणतं?

आमच्या मुरुमच्या बाजारात कलिंगड घेणारा आधी त्यावर टिचकी मारतो, मग भाव विचारतो. वैद्यकातली टिचकीही अशीच व्यवहारातून आली. लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली, हे वरून ठोकून ओळखतात, हे त्याने घरीच पाहिलेलं. डॉक्टर झाल्यावर तो रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकू लागला. आवाज बद्द आला की आत पाणी असावं. १७६१ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेकने कागदाची सुरळी छातीला लावली. स्टेथोस्कोप तिथून आला.

आपण सरसकट 'छातीत पाणी झालंय' म्हणतो. पण पाणी दोन तऱ्हेचं. एक फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात साठतं. ते सुईने काढता येतं. दुसरं फुफ्फुसाच्या आत झिरपतं, बहुधा हृदय थकल्यामुळे. तिथे सुईचा उपयोग नाही, आणि सलाईन जास्त झालं तर जीवावर बेततं. न्यूमोनियाचा उपचार आणखी वेगळा. माणूस धापा टाकतो तेव्हा वरून सगळं सारखंच दिसतं.

१९९८ च्या पावसाळ्यात अब्बांना असाच दम लागला. रात्री जीपमधून नळदुर्गमार्गे सोलापूर गाठलं. वाटेत ते आडवे होईनात, बसूनच राहिले. कोणतं पाणी, हे ठरेपर्यंत उजाडलं होतं.

सोनोग्राफी तेव्हा होती की! पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँने पाणबुड्या शोधायला, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी पाण्यात सोडल्या. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्डने त्याच तत्त्वावर पोटातल्या गाठी आणि गर्भ दाखवले. फुफ्फुस मात्र वगळलेलं. ही लहर हवेपुढे हात टेकते, तेव्हा तिथे पाहण्यासारखं काही नाही, असा समज.

पॅरिसजवळच्या अतिदक्षता विभागातले डॅनियल लिश्टेनस्टाईन मात्र पाहत राहिले. निरोगी छातीत श्वासागणिक आवरणाची रेघ सरकते. आवरणात हवा शिरून फुफ्फुस दबलं, तर ते सरकणं थांबतं. आतलं पाणी उभ्या चमकत्या रेघा काढतं. बाहेरचं काळं दिसतं. २००८ साली त्यांनी २६० रुग्णांचा अभ्यास छापला: ९०.५ टक्के निदानं बरोबर, तीही खाटेपाशी, काही मिनिटांत. पद्धतीचं नाव 'ब्लू', म्हणजे निळा. प्राणवायू कमी पडला की ओठांना येतो तो रंग!

आपल्याकडे मात्र या यंत्राची ओळख निराळ्याच कामाने झाली. पोटात मुलगी आहे का, हे पाहायला लोक ते वापरू लागले. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ च. २०१२ च्या नियमांनी हाती नेण्याजोगं यंत्रही नोंदणीच्या जागेशी बांधलं: तिथल्या दाखल रुग्णांसाठी, नाहीतर नोंदलेल्या फिरत्या दवाखान्यात. या बंधनाला मी चूक म्हणणार नाही. त्या मुलींचा हिशोब आपण अजून दिलेला नाही. पण जीपमध्ये बसून श्वास मोजणाऱ्या माणसापर्यंत ते यंत्र जाऊ शकत नाही, तेही याच हिशोबात धरावं लागतं.

२०२० मध्ये करोनाच्या रुग्णाला सीटी स्कॅनपर्यंत हलवणं जोखमीचं झालं, तेव्हा अनेक ठिकाणी हेच यंत्र खाटेपाशी आलं. त्याच्या खोलीबाहेर पाटी तीच होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.