पळणाऱ्या गाडीवर गोळी : एका नियमाचा इतिहास

सिनेमातलं एक दृश्य आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलं आहे. पुढे गुंडांची गाडी, मागे पोलिसांची जीप, आणि इन्स्पेक्टरसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर लटकून पिस्तूल झाडताहेत. एका गोळीत टायर फुटतो, गाडी उलटते आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. यात काही खटकावं असं कुणालाच वाटत नाही. एम.ए.ला असताना अमेरिकन पोलिसांच्या इतिहासावर वाचेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. ज्या देशाच्या सिनेमाने हे दृश्य जगभर नेलं, त्याच देशातल्या सर्वात मोठ्या शहरात, न्यूयॉर्कमध्ये, पोलिसांना असं करायला १९७२ पासून बंदी आहे.

बंदी का, हे समजायला पोलीस असावं लागत नाही. गोळी झाडणाराही धावतो आहे आणि ज्याच्यावर झाडायची तोही धावतो आहे. हात स्थिर नाही, नेम लागत नाही. चुकलेली गोळी हवेत विरत नाही, ती फुटपाथवरच्या कुणाला तरी किंवा पलीकडच्या घराच्या भिंतीला जाऊन लागते. आणि समजा नेम बरोबर लागला, ड्रायव्हर जागीच मेला, तर दीड-दोन टन लोखंड भर रस्त्यात बेवारस सुटतं. गोळीने माणूस थांबतो, गाडी थांबत नाही. म्हणजे लोकांच्या जिवाचा धोका टाळण्यासाठी गोळी झाडली असं म्हणायचं आणि तोच धोका वाढवायचा!

मग इतकी साधी गोष्ट नियमात यायला १९७२ का उजाडावं लागलं? अधिकाऱ्यांना अचानक शहाणपण सुचलं म्हणून तो नियम आलेला नाही. त्याआधीच्या वर्षी, १९७१ मध्ये, न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीने ९३ माणसं मेली होती. ऑगस्ट १९७२ मध्ये स्टेटन आयलंडवर दहा-अकरा वर्षांचा एक काळा मुलगा चोरीच्या गाडीच्या प्रकरणात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. लोक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात आदेश निघाला : गाडीतली माणसं गाडीखेरीज दुसऱ्या एखाद्या प्राणघातक साधनाने हल्ला करत असतील तरच गोळी चालवायची, एरवी धावत्या गाडीवरही नाही आणि धावत्या गाडीतूनही नाही. शिवाय झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब वरिष्ठांच्या मंडळापुढे द्यायचा.

पोलिसांची नेहमीची ओरड असते की हात बांधले तर आमची माणसं मरतील. याचं उत्तर एका पोलिसानेच दिलं. जेम्स फाइफ हे न्यूयॉर्क पोलीस दलातले अधिकारी, पुढे अभ्यासक झाले. या आदेशाच्या आधीच्या आणि नंतरच्या गोळीबारांचा त्यांनी हिशेब मांडला. गोळीबाराच्या घटना सुमारे तीस टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि ड्यूटीवर मरणाऱ्या-जखमी होणाऱ्या पोलिसांची संख्याही वाढली नव्हती, उलट घटली होती. एका कागदी आदेशाने दोन्ही बाजूंची माणसं वाचली.

पण मुळात पळणाऱ्यावर गोळी झाडण्याचा अधिकार आला कुठून? इथे इतिहास थोडा मागे न्यावा लागतो. जुन्या इंग्रजी कायद्यात जवळपास सगळ्याच मोठ्या गुन्ह्यांना फाशी होती. त्यामुळे पळणाऱ्या गुन्हेगाराला जागीच मारलं तर काय बिघडलं, शेवटी फासावरच जाणार होता, असा हिशेब. हा हिशेब अमेरिकेत गेला आणि तिथे त्याला गुलामीची जोड मिळाली. दक्षिण कॅरोलायनात अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून गुलामांवर पहारा ठेवणाऱ्या सशस्त्र टोळ्या होत्या आणि पळालेला गुलाम धरून आणणं हे त्यांचं मुख्य काम होतं. तिथल्या काळ्या माणसाच्या बाबतीत पळणं हाच पहिला गुन्हा ठरला होता. पुढे फाशीचे गुन्हे मोजके उरले, पण पळणाऱ्यावर गोळी झाडण्याची मुभा तशीच राहिली.

आपल्याकडेही हाच हिशेब कायद्यात बसलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ (आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३) म्हणतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना मारण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. वाचायला बरं वाटतं. पण उलट बाजूने वाचा. ज्याच्यावर तसा आरोप आहे त्याचं काय? आरोप, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. आणि आरोप कुणावर चटकन लागतो, हे वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळं शिकावं लागत नाही. नाकाबंदी दिसली की लायसन नाही म्हणून गाडी वळवून पळणारी पोरं मी रोज पाहतो. त्यांच्या पळण्यात गुन्हा शोधणाऱ्याला त्यांच्या पोटातली भीती दिसत नाही.

अमेरिकेत या जुन्या नियमाला पहिला मोठा धक्का बसला तो मेम्फिस शहरातल्या एका प्रकरणाने. ऑक्टोबर १९७४ मध्ये एडवर्ड गार्नर नावाचा १५ वर्षांचा काळा मुलगा एका घरातून चोरी करून पळाला आणि कुंपणावर चढत असताना पोलिसाने त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. मुलगा निःशस्त्र आहे याची आपल्याला बऱ्यापैकी खात्री होती, असं त्या पोलिसाने स्वतःच सांगितलं. अंगावर सापडले एक पर्स आणि दहा डॉलर. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी : गोळी झाडणारा पोलीसही काळाच होता. वर्दीतल्या माणसाचा रंग बदलला म्हणून वर्दीची नजर बदलत नाही, हे आपल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावं. निकाल लागायला १९८५ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की केवळ पळतो आहे म्हणून निःशस्त्र, निरुपद्रवी माणसाला मारता येणार नाही.

पण पळणारा पायी नसून गाडीत असेल तर? तिथे न्यायालयाने जे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असं माझं मत आहे. २००७ मध्ये जॉर्जियातल्या एका १९ वर्षांच्या काळ्या तरुणाचं प्रकरण न्यायालयापुढे आलं. वेग जास्त म्हणून पाठलाग सुरू झाला, पोलिसाने मागून गाडीला धडक दिली, पोरगा कायमचा पंगू झाला. आठ न्यायाधीश पोलिसाच्या बाजूने गेले आणि म्हणाले, पाठलागाचा व्हिडिओ पाहा, सगळं स्पष्ट आहे. मग काही कायदेअभ्यासकांनी तोच व्हिडिओ सुमारे १,३५० सामान्य अमेरिकनांना दाखवला. बहुतेकांना न्यायालयाचं पटलं, पण काळ्या आणि गरीब लोकांना त्याच चित्रात वेगळं दिसलं, पोलिसांचा दोष अधिक दिसला. समाजशास्त्र शिकणाऱ्याने हा अभ्यास जरूर वाचावा. न्यायासनावर बसलेल्याला जे ‘स्पष्ट’ वाटतं तेही एका विशिष्ट जागेवरून पाहिलेलं असतं.

२०१४ मध्ये पुन्हा मेम्फिस. एका गाडीचा एकच हेडलाइट चालू होता, म्हणून शेजारच्या राज्यात तिला थांबवलं गेलं. ती पळाली. पाठलागाचा शेवट पंधरा गोळ्यांत झाला आणि ड्रायव्हरसोबत बाजूला बसलेली बाईही मेली. न्यायालय म्हणालं, गोळीबार सुरू करणं योग्य असेल तर धोका संपेपर्यंत तो थांबवायची गरज नाही.

धोका संपला हे ठरवणार कोण? याचं उत्तर ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये सापडतं. २९ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री पोलीस मुख्यालयाजवळून टिमोथी रसेल आणि मलिसा विल्यम्स यांची जुनी शेवरले गाडी गेली. इंजिनाचा फट् आवाज झाला आणि पोलिसांना वाटलं गोळी सुटली. सुमारे वीस मिनिटांहून जास्त पाठलाग चालला. एका गाडीमागे पोलिसांच्या ६२ गाड्या आणि शंभरावर पोलीस! वाटेत कुणीतरी वायरलेसवर कळवलंही होतं की आतल्या माणसाच्या हातात पिस्तूल नाही, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. शेवटी एका शाळेच्या आवारात गाडी कोंडली गेली. तेरा पोलिसांनी १३७ गोळ्या झाडल्या. समोरासमोर उभे राहून झाडल्यामुळे त्यांना एकमेकांच्याच गोळ्या येताना दिसत होत्या आणि त्या गाडीतून येताहेत असं समजून ते आणखी झाडत होते. एकट्या मायकल ब्रेलो या पोलिसाने ४९ गोळ्या चालवल्या. आधी स्वतःच्या गाडीत बसून तिच्याच काचेतून, आणि शेवटच्या पंधरा समोरच्या गाडीच्या बॉनेटवर चढून. आतल्या दोघांना प्रत्येकी वीसहून अधिक गोळ्या लागल्या. दोघेही काळे. गाडीत शस्त्र मिळालं नाही.

मे २०१५ मध्ये ब्रेलो निर्दोष सुटला. कारण ऐका. इतक्या जणांनी इतक्या गोळ्या झाडल्या होत्या की जीव नेमका ब्रेलोच्याच गोळीने गेला, हे निःसंशय सिद्ध होत नाही. म्हणजे एकाने मारलं असतं तर खून ठरला असता, तेराजणांनी मिळून मारलं तर तो कुणाचाच नाही. गावाने मिळून केलेल्या गुन्ह्यात साक्षीदार कसे मुके होतात आणि संशयाचा फायदा कुणाच्या पदरात पडतो, हे आपल्याला नवीन नाही.

शहराने दोन्ही कुटुंबांना मिळून ३० लाख डॉलर दिले. केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली आणि २०१५ मध्ये क्लीव्हलँड पोलिसांना करारनाम्याने बांधून घेतलं. धावत्या गाडीवर आणि गाडीतून गोळी झाडण्यावर निर्बंध त्यात आले. न्यूयॉर्कने एका मुलाच्या मृत्यूनंतर जे केलं होतं, ते इथे यायला ४३ वर्षं लागली. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेलोसह सहा पोलिसांना बडतर्फ केलं गेलं. त्यातले पाच जण लवादाच्या निर्णयाने पुन्हा नोकरीवर आले.