हँडलपासून किल्लीपर्यंत

यंत्रांच्या इतिहासात त्यांच्या वेगाची, शक्तीची आणि किमतीची नोंद अगत्याने केली जाते. ती यंत्रे सुरू कशी केली जात, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वास्तविक मनुष्य आणि यंत्र यांची खरी झटापट या पहिल्या क्षणीच होते. वाफेच्या इंजिनाला बंबात पुरेशी वाफ साठेपर्यंत वाट पाहण्याची तयारी पुरत असे. वाफ तयार झाली की ते इंजिन आपल्याच बळावर हलू लागे. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव याहून निराळा आहे. हवा ओढून घेणे, ती दाबणे, इंधन पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे चक्र एकदा चालू झाले म्हणजे ते अखंड चालते; परंतु पहिली हवा ओढून ती दाबण्याचे काम त्याला स्वतःला करता येत नाही. ते पहिले फेरे दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागतात. हा दुसरा कोणी प्रारंभी मनुष्याचा हात होता आणि त्या हाताने त्याची किंमतही मोजली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारगाडी सुरू करायची म्हणजे तिच्यापुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट दिशेने हिसका देई, आणि मनगट किंवा कोपराखालचे हाड मोडे. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या परिचयाचे बायरन कार्टर हे गृहस्थ अशाच हिसक्याने जखमी होऊन 1908 मध्ये मरण पावले, आणि त्या दुःखातून लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, लेलँड यांनी हे काम ओहायो राज्यातील डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांच्यावर सोपवले, हे निश्चित.

विजेच्या मोटारीने इंजिन फिरवण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. तिला आक्षेप एवढाच होता, की इंजिन फिरवू शकेल इतकी दणकट मोटार गाडीत मावणार नाही. केटरिंग यांनी पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार जोडली होती. ती मोटार दिवसभर चालवायची नव्हती. तिला केवळ क्षणभर जोर लावायचा होता. क्षणभरच काम करणाऱ्या मोटारीला तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ अधिक प्रवाह देता येतो, कारण ती तापण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते. हेच तत्त्व त्यांनी मोटारगाडीला लावले आणि 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. 1859 मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी सिद्ध केलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला येथे एक नवे आणि फार मोठे काम मिळाले.

शेतातील डिझेल इंजिनाचा प्रश्न मात्र याहून अवघड होता. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये औग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. अशा इंजिनाचा दट्ट्या वर ढकलण्यास जोर तर अधिक लागतोच, शिवाय तो वेगानेही ढकलावा लागतो. हळू ढकलल्यास हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि तेल पेटत नाही. बळ आणि वेग या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुरवणे मनुष्याच्या हाताला कठीण होते.

या अडचणीतून वाट काढताना ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी ज्या युक्त्या योजल्या, त्या आज वाचताना कौतुक वाटते. जर्मनीतील मानहाइम येथे 1921 मध्ये तयार झालेल्या लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरच्या इंजिनावरील लोखंडी गोळा ब्लो लँपने लाल होईपर्यंत तापवावा लागे. ते इंजिन पूर्ण अर्थाने डिझेल नव्हते, परंतु जड तेलावरच चालत असे. अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीने 1931 मध्ये डिझेल ट्रॅक्टर काढला, तेव्हा मोठे इंजिन फिरवण्यासाठी त्याच्या अंगावर पेट्रोलचे दुसरे लहान इंजिन बसवले. इंग्लंडमधील फील्ड मार्शल हा 1945 पासूनचा ट्रॅक्टर हँडलनेही सुरू होई. पण ज्याला ते झेपत नसे तो बंदुकीच्या काडतुसासारखे एक काडतूस इंजिनात बसवून हातोडीने ठोके आणि त्या स्फोटाने दट्ट्या हलवी. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या झटापटीचा परिचय विहिरीवरील तेल-इंजिनामुळे झाला. एकाने डीकंप्रेशनची कळ उचलून धरावी, म्हणजे हवा दाबली न जाता निसटून जाई. दुसऱ्याने हँडल मारून जड चाकाला वेग द्यावा. आणि वेग भरताच कळ सोडून द्यावी. चाकात साठलेला वेगच मग पहिला दाब उत्पन्न करी.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेचा स्टार्टर डिझेल ट्रॅक्टरवर स्थिरावला. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या नव्या फोर्डसन मेजरचे डिझेल इंजिन विजेवर सुरू होई. त्याआधी, 1946 मध्ये, हॅरी फर्ग्युसन यांच्या टीई-20 या लहान ट्रॅक्टरने आणखी एक महत्त्वाचे पाऊल टाकले होते. त्यात स्टार्टरसाठी वेगळी कळ नव्हती. गिअरचा दांडाच एका ठरावीक जागी नेला म्हणजे स्टार्टर फिरे. दांडा एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. त्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होणे अशक्यच झाले. हँडलने मनगट मोडण्याची भीती विजेने दूर केली होती; परंतु गिअरमध्ये असलेले यंत्र सुरू होताच माणसाच्या अंगावर धावून येण्याची भीती विजेनेच अधिक सोपी करून ठेवली होती. तिचा बंदोबस्त या साध्या योजनेने झाला.

भारतात कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मोठाली यंत्रे कामास लावली. 1959 मध्ये फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार होऊ लागले आणि 1963 मध्ये मुंबईत महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून ट्रॅक्टर बनवणारी कंपनी निघाली. तिकडे जपानमध्ये लहान शेतांना साजेशी लहान यंत्रे आकार घेत होती. कुबोटा कंपनीने 1960 मध्ये आपला पहिला शेती-ट्रॅक्टर काढला आणि 1969 मध्ये एकवीस अश्वशक्तीचा एल-200 अमेरिकेत नेला. पुढे ही लहान ट्रॅक्टरांची जात जगभर पसरली. नाशिकच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून फवारणीचे यंत्र ओढत जाणारा लहान ट्रॅक्टर हा त्याच जातीचा.

इंजिन लहान झाले, पण त्याची सुरुवात सोपी झाली नाही. लहान सिलिंडरात हवा थोडी आणि तिला वेढणाऱ्या भिंती त्या मानाने अधिक. म्हणून उष्णता लवकर निघून जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी अशा पुष्कळ इंजिनांत ग्लो प्लग बसवलेले असतात. किल्ली काही क्षण अर्धवट फिरवून धरली की ते लाल होतात आणि आतली हवा ऊबदार करतात. त्याखेरीज गिअर मोकळा आहे काय, क्लच दाबला आहे काय, मागचा फिरता दांडा बंद आहे काय, आणि काही यंत्रांत चालक आसनावर बसला आहे काय, हे पाहणारे लहान लहान स्विच आले. इंजिन बंद करण्यासाठी इंधन रोखणारी विजेची झडप आली. अशा रीतीने फर्ग्युसनच्या एका दांड्याचे काम किल्लीपासून स्टार्टरपर्यंतच्या तारेवर ठायी ठायी विखुरले गेले. त्यांतील प्रत्येक दुवा कोणत्या तरी जुन्या अपघाताचे किंवा अडचणीचे उत्तर आहे, आणि प्रत्येक दुवा बिघडूही शकतो.

हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला बिघाड शोधण्याचा क्रमही आपोआप सापडतो. पेरणीच्या किंवा फवारणीच्या दिवशी किल्ली फिरवूनही ट्रॅक्टर सुरू झाला नाही, म्हणजे बहुधा दोन निकाल घाईने दिले जातात: बॅटरी गेली, किंवा सेल्फ गेला. दोन्ही वस्तू महाग आहेत आणि पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. हेडलाइट लख्ख लागतो म्हणून बॅटरीचा मार्ग चांगला आहे, असेही समजले जाते. तो भ्रम आहे. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये प्रसिद्ध केलेला नियमच येथे साक्ष देतो. बॅटरीच्या गंजलेल्या टोकावर एक ओहमच्या शतांशाइतका रोध निर्माण झाला, असे समजावे. दिव्यासाठी पाच अँपिअर प्रवाह वाहतो, तेव्हा त्या गंजावर व्होल्टचा विसावा हिस्सा खर्च होतो. डोळ्याला फरक कळतही नाही. स्टार्टरला दोनशे अँपिअर लागतात, तेव्हा तोच गंज बारापैकी दोन व्होल्ट गिळून बसतो आणि स्टार्टर रेंगाळतो.

म्हणून परीक्षा बॅटरीपासून सुरू करावी. विश्रांतीत असलेल्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. स्टार्टर फिरत असताना तो साधारण साडेनऊ व्होल्टांच्या खाली जाऊ नये. त्यानंतर मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून किल्ली फिरवावी. तेथे अर्ध्या व्होल्टाहून बराच अधिक दाब दिसला, तर दोष अर्थच्या केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. तो जोड सोडवून, घासून, पुन्हा घट्ट बसवण्यास पैसे लागत नाहीत. मात्र ऋण टोक आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे.

पुढचे निदान कानाने होते. टिक्‌टिक्‌ असा आवाज भराभर येत राहिला, तर सोलेनॉइड ओढला जातो, मोठा प्रवाह सुरू होताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो आणि दाब पुन्हा वाढतो, असे हे चक्र असते. बॅटरी किंवा तिचे जोड दुबळे असल्याची ती खूण होय. एकच ठोका पडून शांतता झाली, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे स्पर्शक झिजले असण्याचा, जाड केबलचा जोड सुटल्याचा किंवा इंजिनच अडकल्याचा संशय घ्यावा. मोटार नुसतीच घरघरली आणि इंजिन हलले नाही, तर तिचा दाता चाकाच्या दात्यात बसत नाही. मुळीच आवाज नसेल, तर सोलेनॉइडच्या लहान टोकावर किल्ली फिरवताना दाब येतो काय, ते पाहावे. तो येत असेल तर दोष पुढे, सोलेनॉइडमध्ये किंवा स्टार्टरमध्ये आहे. येत नसेल तर मागे फ्यूज, किल्ली, गिअरचा आणि क्लचचा स्विच यांत आहे. एका तपासणीने अर्धा मार्ग निर्दोष ठरतो. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तर धुराकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणून ग्लो प्लग तपासावेत. धूर मुळीच नसेल तर बहुधा इंधनच पोहोचत नाही; तेथे टाकी आणि इंधनाचा फिल्टर पाहून मग विजेची झडप तपासावी.

या शोधाचा कंटाळा आला म्हणजे एक आडवाट मोह घालते. जमिनीवर उभे राहून स्टार्टरची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडली, की किल्ली आणि सारे स्विच ओलांडून प्रवाह थेट वाहतो आणि इंजिन फिरते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो सुरू होतो त्याच क्षणी पुढे निघतो. आणि असे जोडणारा माणूस बहुधा मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. या रीतीने माणसे चिरडली गेली आहेत. नादुरुस्त स्विच कायमचा जोडून टाकणे हीही तीच आडवाट होय. फरक इतकाच, की तिचा धोका उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतो. मोकळ्या गिअरचा स्विच बदलण्याचा खर्च थोडा आहे. तो स्विच अडवतो तेव्हा यंत्र नादुरुस्त आहे असे वाटते; प्रत्यक्षात फर्ग्युसनच्या दांड्याने केले तेच काम तो करीत असतो.

हँडल मारणाऱ्या पिढीला इंजिनाच्या हिसक्याचे भय होते. ते भय डोळ्यांपुढे उभे असे, म्हणून माणूस सावध राही. अंगठा हँडलभोवती न वळवता इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, हे ज्ञान बाप मुलाला देत असे. किल्लीने तो हिसका नाहीसा केला आणि त्याबरोबर ती सावधगिरीही मावळली. तारेच्या वाटेने एकेक दुवा विचारीत जाणारा शेतकरी किंवा गावचा मिस्तरी ती सावधगिरी नव्या रूपात परत आणतो. त्याच्या हातात एक स्वस्त मापक यंत्र असते आणि मनात प्रवाहाचा क्रम असतो. एवढ्या सामग्रीवर बहुतेक बिघाड बांधावरच सापडतात, आणि बी पेरण्याचा दिवस हातचा जात नाही.