'साभार परत'च्या आधी आणि नंतर

कथा लिहू लागलेल्या मराठी माणसाची संपादकीय परिभाषेशी पहिली ओळख बहुधा 'साभार परत' या दोन शब्दांनीच होते. पूर्वी कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे लागे. पोस्टमनच्या हातात आपलेच हस्ताक्षर असलेले जाडजूड पाकीट दिसले की ते न उघडताही निकाल कळत असे. ई-मेलच्या काळात ते पाकीट गेले आणि त्याची जागा पुष्कळदा शांततेने घेतली. नकारापेक्षा ही शांतता अधिक जाचक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठी कथा नियतकालिकांच्याच आश्रयाने वाढली. हरिभाऊ आपट्यांच्या 'स्फुट गोष्टी' १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून वाचकांपुढे आल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि कथेला वर्षातून एकदा हमखास मिळणारे घर बांधून दिले. पुढे १९३३ मध्ये सुरू झालेल्या 'सत्यकथे'ने संपादनाचा एक निराळाच मानदंड घालून दिला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा केवळ स्वीकारत वा नाकारत नसत. ती कुठे अडखळते याविषयी लेखकाशी पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन सुचवीत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर राहूनही त्यांची कथा मराठीच्या केंद्रस्थानी पोहोचली, ती टपालाच्या मार्गाने. वशिल्यावाचून काही छापून येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अर्थात नाण्याची दुसरी बाजूही आहे. एका संपादकीय अभिरुचीचा दबदबा फार वाढला की त्या अभिरुचीत न बसणारे अनुभव दाराबाहेरच राहतात. साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू' यांसारखी अनियतकालिके निघाली ती याच अस्वस्थतेतून. राजा ढाले यांनी तर १९६९ मध्ये 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून त्या मासिकाच्या अंकाची होळीच केली. त्याआधी, १९६३ मध्ये, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला होता आणि प्रस्थापित कथेच्या चौकटीबाहेर केवढे जग आहे हे वाचकांना कळले होते. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तेव्हा परत आलेली प्रत्येक कथा वाईटच असते असे नाही. ती चुकीच्या दारी गेलेली असू शकते. ज्या अंकाकडे कथा पाठवायची, त्याचे मागील दोन-तीन अंक वाचणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. आश्चर्य असे, की पाठवणाऱ्यांपैकी अनेकजण नेमके हेच करीत नाहीत.

लेखनतंत्राविषयी ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'पासून (१९३१) पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची उजळणी येथे नको. दोनच गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. नवख्या कथेचे पहिले पान बहुधा पूर्वपीठिकेत जाते आणि कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. ते पहिले पान काढून पाहावे. दुसरे, बोलीचा वापर. पात्रांच्या तोंडी बोली आणि निवेदनात प्रमाण मराठी अशी विभागणी करायची असेल तर ती अखेरपर्यंत सांभाळावी. निवेदनही बोलीत असेल तर तिथे मध्येच ग्रंथिक वळणे येऊ देऊ नयेत. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. लेखकाला ते मुखोद्गत असण्याची गरज नाही, परंतु पहिल्याच परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका दिसल्या तर संपादकाचा पुढील वाचनाचा उत्साह मावळतो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

कथा टंकलिखित स्वरूपात पाठवायची तर ती युनिकोडमध्ये असावी. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची निरर्थक चिन्हे होतात, आणि ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सोबतचे पत्र चार ओळींचे पुरे : कथेचे शीर्षक, अंदाजे शब्दसंख्या, ती स्वतंत्र व अप्रकाशित असल्याचे निवेदन, पत्ता आणि दूरध्वनी. कथेचा आशय वा 'संदेश' पत्रात समजावून सांगू नये. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवणे आपल्याकडे अशिष्ट मानले जाते. ती दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारे बंद होतात. दिवाळी अंकासाठी उन्हाळ्यातच हालचाल करावी. गणपतीच्या सुमारास आलेली कथा चांगली असली तरी तोवर फर्मे ठरलेले असतात.

प्रत मात्र अवश्य ठेवावी. प्रस्तुत लेखकाने फार वर्षांपूर्वी एक हस्तलिखित एका मासिकाकडे पाठवले. ते छापून आले नाही आणि परतही आले नाही. दोन स्मरणपत्रे अनुत्तरित राहिली. जवळ प्रत नव्हती. पुन्हा लिहायला बसल्यावर आठवला तो फक्त शेवट, आणि त्या शेवटापर्यंत नेणारी वाट काही केल्या सापडेना. ती कथा आजतागायत लिहून झालेली नाही.

कथा स्वीकारली गेली की आनंदाच्या भरात हक्कांचा प्रश्न विसरला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असेल तरच वैध ठरते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे अंकात कथा छापून आली एवढ्यानेच तिच्यावरील लेखकाचा हक्क संपत नाही. मात्र 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' अशा ओळीखाली सही करण्यापूर्वी ती ओळ दोनदा वाचावी, कारण उद्या संग्रह काढायची वेळ आली की याच कथेसाठी परवानगी मागावी लागेल. मानधनाची विचारणा करण्यातही संकोच नसावा. अनेक छोटी नियतकालिके केवळ अंकाची प्रत देऊ शकतात, पण तसे त्यांनी आधी सांगितलेले बरे.