प्लास्टरमधील पावलाची काळजी

क्लबफूट म्हणजे जन्मतः आत वळलेले पाऊल. पॉन्सेटी पद्धतीत ते हलक्या हाताने थोडेथोडे सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात व साधारणतः दर आठवड्याला बदलतात. या काळात बाळाच्या बोटांवर सतत लक्ष हवे. बोट किंचित दाबून सोडताच गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटे निळसर, थंड वा सुजलेली दिसल्यास मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. बोटे आत गेल्यासारखी दिसली, तर प्लास्टर घसरले आहे असे समजून डॉक्टरांना त्वरित कळवावे. आजीला रुचणार नाही, परंतु न्हाऊ घालणे थांबवून बाळाचे अंग ओल्या फडक्यानेच पुसावे. लंगोट प्लास्टरच्या काठाबाहेर राहावा. उपचारानंतरचे, ४-५ वर्षांपर्यंत रात्री घालावयाचे पट्टीचे बूट टाळल्यास पाऊल पुन्हा वळण्याचा धोका असतो.